एक्क्याऐंशी सालचा पाचवा फाऊल

६ जानेवारी, शनिवार

कॉन्फरन्सच्या कचेरीतून फोन आला. यंदाची हंगामाअखेरची बास्केटबॉल स्पर्धा पन्नासावी. आमच्या या आठ कॉलेजांच्या गटात जो संघ मार्चमधली ही स्पर्धा जिंकतो तो, आणि तो एकटाच, राष्ट्रीय स्पर्धेला जातो. बाकीच्या सात संघांनी घरी जाऊन गहू पेरावा. तर या पन्नास वर्षांचा इतिहास पुस्तिकेसाठी मी लिहावा, असं त्यांचं म्हणणं. फोनवरची मुलगी म्हणाली, "मिस्टर लाइकर, सव्वीस वर्षं स्कोअरबुक तुमच्या हातात होतं. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

खरं सांगतो, छाती फुगली. आर्लीनला सांगितलं तर ती कणीक तिंबता तिंबता म्हणाली, "पन्नासची पन्नास वर्षं लिहिणार?"

"मग काय, अर्धी लिहू?"

"नाही, आपलं विचारलं."

बायकोच्या बोलण्याला कधीकधी शेपूट असतं, ते पकडायला जाऊ नये. सकाळी नेहमीप्रमाणे कॅफेत गेलन ब्रुंगार्टसोबत अंडी आणि कॉफी. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. चाळीसेक वर्षं आम्ही दर शनिवारी एकाच टेबलाशी समोरासमोर बसतो. बातमी ऐकून तो म्हणाला, "वा रे लेखक! एक्क्याऐंशी साल विसरू नकोस म्हणजे झालं." आणि हसला. मीही हसलो. घास मात्र तोंडातच फिरत राहिला.

११ जानेवारी, गुरुवार

पंच्याहत्तर साल लिहून काढलं. मजा आली. पहिली स्पर्धा गुरांच्या लिलावाच्या मंडपात झाली होती. लाकडी पट्ट्या जोडून मैदान केलेलं आणि वास मात्र गाईबैलांचाच. पाहुण्यांचा एक उंच खेळाडू नाक धरून खेळला, त्याला लोकांनी तीन दिवस चिडवून हैराण केलं. जिंकलेल्या संघाने रिवाजाप्रमाणे विजयाची खूण म्हणून खुर्चीवर खुर्ची ठेवून बास्केटची जाळी कापली, कारण शिडी आणायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता शिडी गेलनच्या दुकानातून येते. अठ्ठ्याऐंशीपासून तो स्वतः घेऊन येतो. दुसऱ्यांची पोरं चढतात, जाळीचा एकेक धागा कापतात, आणि हा खाली उभा राहून शिडी धरतो. आमच्या सेंट वेंडलिन कॉलेजने एकोणपन्नास वर्षांत ती जाळी एकदाही कापलेली नाही.

जवळ गेलं होतं फक्त एकदाच.

२० जानेवारी, शनिवार

अठ्ठ्याहत्तरचं बर्फाचं वादळ आज कॅफेत गेलननेच सांगितलं, मी नुसतं टिपून घेतलं. चार संघ अडीच दिवस हॉलमध्ये अडकले होते. चर्चच्या बायकांनी मिरचीमसाल्याचा राजमा आणि दालचिनीचे गोड रोल ट्रॅक्टरवरून पोचवले. उपांत्य फेरीतले शत्रू एकाच चटईवर झोपले. गेलन तेव्हा अकरावीत होता, बापाबरोबर त्या ट्रॅक्टरवर बसून आला होता. "बाबांनी मला तिथेच सांगितलं, पोरा, तू इथे खेळायचंस." एवढं बोलून त्याने कॉफीत साखर घातली आणि ढवळतच राहिला.

उठताना म्हणाला, "मग, कुठवर आलास? एक्क्याऐंशी आलं का?"

हा तिसरा शनिवार. दर वेळी तेच. या माणसाला स्वतःच्याच जखमेवरची खपली काढायची एवढी हौस का, मला कळत नाही.

२९ जानेवारी, सोमवार

लिहिलं एकदाचं. इथे उतरवून ठेवतो:

"१९८१. अंतिम सामना. सेंट वेंडलिन ६१, प्रतिस्पर्धी ५७, दोन मिनिटं चाळीस सेकंद बाकी. याच वेळी सेंट वेंडलिनचा आधारस्तंभ गेलन ब्रुंगार्ट (क्रमांक २४) पाचव्या फाऊलवर बाद झाला. त्याच्याविना संघ ६३-६४ असा हरला."

यात एकही शब्द खोटा नाही. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. फाऊल कुणाचा ते पंच बोटांनी दाखवतो, टेबलावरचा माणूस वहीत लिहितो, आणि वहीत असेल तेच खरं. नियमच तसा आहे. आता पंचांनी त्या वेळी चोवीस दाखवले की बेचाळीस, याबद्दल तेव्हा थोडी कुजबुज झाली होती. बेचाळीस नंबरचा डुएन फिच त्याच घोळक्यात होता. पण पंच समोर उभा असतो. त्याचा उजवा तो आपला डावा. आकडे उलटे दिसू शकतात. अशा गोंगाटात कुणाचीही गफलत होईल. आणि झाली असेलच तर, मी म्हणतो, *असेलच* तर, ती माणसाची चूक. यात पाप कसलं?

आर्लीनला वाचायला दिलं. त्या सामन्याला ती माझ्या शेजारीच बसली होती, दुसरी, कच्ची वही तिच्याकडे होती. तिने वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि कोबी चिरायला घेतला. उद्या ती बिरॉक करणार आहे, कोबी आणि खिमा भरलेले पाव. डझनभर आमच्यासाठी आणि डझनभर ओडिलियाकाकूंना, म्हणजे गेलनच्या आईला. काकू चौऱ्याण्णव वर्षांच्या, चर्चच्या वृद्धाश्रमात असतात. आर्लीन लग्नापासून त्यांना बिरॉक पाठवते. हिचा स्वभावच मुळी दानशूर.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली.

३ फेब्रुवारी, शनिवार

कॅफेत पेट्रोलपंपावरचा नवा पोरगा शिरला आणि मोठ्याने ओरडला, "काय पाच्या, यंदा शिडी नवीन आणणार की तीच?"

पाच्या. हे नाव गावाने एक्क्याऐंशीतच पाडलं. कोचने तेव्हा वर्तमानपत्राला सांगितलं होतं, "दोन वर्षं त्याला सांगतोय, हात आवर. नाही आवरला." झालं, तेवढं पुरलं. या पोराचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. गेलनचं लग्न झालं तेव्हा केकवर कुणीतरी पाच मेणबत्त्या लावल्या होत्या. तेव्हाही तो हसला, आजही हसला. "तीच आणणार बाळा, तुझ्यापेक्षा मजबूत आहे ती."

सगळे हसले. मी उठून दोघांचं बिल देऊन टाकलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

तळघरातून एक्क्याऐंशीची वही काढली. शेवटच्या सामन्याचं पान उघडलं. निळी शाई. एकही खाडाखोड नाही. माझ्या सव्वीस वर्षांच्या वह्यांत एकाही पानावर खाडाखोड नाही, सगळे म्हणायचे, लाइकरची वही छापल्यासारखी असते. नवशिक्यांना माझी पानं दाखवायचे.

वही उघडी ठेवून बसलो. दुपारचं जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहितो. निदान इथे तरी.

बोटं उलटी दिसत नाहीत. पंच उजव्या हाताने पहिला आकडा दाखवतो, डाव्याने दुसरा, आणि समोरच्याला ते डावीकडून उजवीकडे अगदी सरळ वाचता येतं. म्हणून तर तशी पद्धत आहे. सव्वीस वर्षं रोज वाचलं मी ते. उलटं दिसतं ही गोष्ट मी त्याच रात्री बनवली आणि इतक्या वेळा स्वतःला सांगितली की परवा लिहितानाही ती खरी वाटली.

झालं ते असं. गेलनचे चार झाले होते. ज्याचे चार झालेत त्याच्यावर टेबलावरच्या माणसाचा डोळा असतो, पाचवा झाला की भोंगा वाजवायचा असतो ना. बास्केटखाली घोळका झाला, शिट्टी वाजली, मला गेलनचा खांदा दिसला, आणि पंच टेबलाशी पोचायच्या आत मी लिहूनही मोकळा झालो. चोवीस, पाचवा. मग मान वर केली. पंचाच्या उजव्या हाताची चार बोटं होती, डाव्याची दोन. बेचाळीस.

पाहिलं मी. स्वच्छ पाहिलं.

आर्लीन हळूच म्हणाली, "एल्रॉय, बेचाळीस आहे." तेव्हा आमचं लग्न ठरलेलं होतं. मी म्हणालो, "गप. भोंगा वाजलाय." भोंगा मीच वाजवला होता. पंच धावत आला, म्हातारा, घामाघूम झालेला, नऊ हजार लोक कानात ओरडताहेत. भोंगा ऐकून तोच गोंधळला होता. म्हणाला, "पाचवा कुणाचा रे?" मी वही फिरवून दाखवली. तो म्हणाला, "लाइकरच्या वहीत आहे म्हणजे चोवीसच." गेलन दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभा होता. "मी नव्हतो! अरे, मी हातसुद्धा लावला नाही!" माझ्याशी बोलत होता तो. मी मान खाली घालून रकाना आखत बसलो.

का? तर शाईने लिहिलं होतं म्हणून. एक रेघ मारून खोडावं लागलं असतं म्हणून. लाज वाटते लिहायला. अंतिम सामन्याच्या पानावर डाग नको, एवढ्यासाठी मी मूग गिळून बसलो.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

फादरनी कपाळावर राख लावली. उपवासाच्या या चाळीस दिवसांत मी दर वर्षी कबुलीजबाब देतो, रागावलो, जास्त प्यायलो, शेजाऱ्याबद्दल वाईट बोललो. त्रेचाळीस वर्षांत हे पाप यादीत कधी आलंच नाही. आज रांगेत उभा राहिलो आणि माझी पाळी आली तशी बाहेर पडलो. फादरना सांगून मोकळं होणं फार सोपं. ते काही पाच्या नाहीत.

घरी आर्लीनला म्हणालो, "मी गेलनला सांगणार आहे."

तिने हातातली कढई खाली ठेवली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही, भडकली. "त्रेचाळीस वर्षं, एल्रॉय! लग्न झाल्यापासून मी त्याच्या आईला बिरॉक नेऊन देते आणि ती मला थँक्यू म्हणते. मला ते थँक्यू विषासारखं लागतं. तू सांगशील म्हणून मी थांबले. आधी वाटलं लग्नाआधी सांगशील. मग पोरं झाल्यावर. मग रिटायर झाल्यावर."

"तू का नाही सांगितलंस?"

"तेच तर," ती म्हणाली. "तेच रोज विचारते मी स्वतःला. चूक तुझी आणि गप्प राहणं दोघांचं."

बिरॉकचं मला आज कळलं. मी आपला तिला दानशूर समजत होतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

कॅफेत बोलणं जमलं नाही, म्हणून दुपारी दुकानात गेलो. गेलन खिळे वजन करत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी रंगांचे डबे न्याहाळत उभा राहिलो, मग सगळं एका दमात सांगितलं. शाई, चार बोटं, दोन बोटं, भोंगा.

त्याने खिळ्यांची पिशवी बांधली. नीट गाठ मारली.

"आलं म्हणायचं एक्क्याऐंशी," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"अरे गाढवा, फाऊल मी केला नव्हता हे मला माहीत नसणार? आणि तुझ्यासमोर दोन हात अंतरावर उभा होतो मी. तू वर बघितलंस, पंचाची बोटं बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. तुझा चेहरा पाठ आहे मला."

"मग चाळीस वर्षं माझ्याबरोबर नाश्ता का करतोयस?"

"आधी वाटायचं, आज सांगेल. उठून गेलो तर नेमकं त्याच शनिवारी सांगशील. मग सवय लागली. अंडीही बरी असतात." हसायला गेला पण जमलं नाही त्याला. "एल्रॉय, जाळीचं मला काही नाही. पोरं हरतात, जिंकतात. पण माझे बाबा त्यानंतर सामन्याला आलेच नाहीत. तीन वर्षांनी वारले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की मी डोकं फिरवून घेतलं आणि वर खोटं बोललो. मी शपथ घेतली, तरी नाही."

मी म्हणालो, "पुस्तिकेत सगळं लिहितो. पूर्ण पान. जाहीर माफी."

"खबरदार!" तो काउंटरवर हात आपटून ओरडला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. "पान लिहिशील, लोक म्हणतील, किती प्रामाणिक म्हातारा! टाळ्या वाजवतील तुला. एक ओळ लिही. चूक कुणाची, नाव घालून. विशेषणं नकोत. आणि उद्या वही घेऊन माझ्या आईकडे जा."

"तू येतोस?"

"मी कशाला? मी तिला एक्क्याऐंशीतच सांगितलंय."

१८ फेब्रुवारी, रविवार

ओडिलियाकाकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शाल. मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली आणि सांगितलं. त्यांनी थांबवलं नाही आणि मदतही केली नाही.

मग म्हणाल्या, "त्या रात्री स्वयंपाकघरात गेलन रडत होता. मी नवऱ्याला म्हटलं, अँटन, आपला पोरगा खोटं बोलत नाही. तुझ्या वडिलांना ओळखायचा ना तो, दर गुरुवारी पत्ते खेळायचे दोघं. अँटन काय म्हणाला, ऐकायचंय?"

नको म्हणावंसं वाटलं. म्हणालो, "सांगा काकू."

"म्हणाला, पोरगाच खोटा. लाइकरच्या वहीत कधी खाडाखोड नसते."

मी खाली बसलो. खुर्ची होती की नव्हती ते पाहिलंही नाही, नशीब म्हणून पलंग होता. ज्या स्वच्छ पानाचा मी जन्मभर तोरा मिरवला, त्याच पानाने एका बापाला पोराविरुद्ध उभं केलं. हे मला कधी सुचलंही नव्हतं. मला वाटायचं मी एका संघाला हरवलं.

"खोड आता," काकू म्हणाल्या.

मी खिशातून पेन काढलं, आणि सवयीने पट्टीही काढली. सरळ रेघ मारावी म्हणून.

"पट्टी ठेव ती. हाताने खोड. दिसू दे."

खोडलं. रेघ वाकडी गेली, शाई फुटली. चोवीसचा पाचवा काढला, बेचाळीसच्या रकान्यात लिहिला. फिच बिचारा दहा वर्षांपूर्वी गेला, त्याच्या नावावर तिसरा फाऊल चढला. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ पान पाहिलं, त्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अँटनला आता कोण दाखवणार?"

मी माफी मागितली. त्यांनी वही मिटून मला परत दिली आणि विचारलं, "आर्लीन बरी आहे ना? तिला म्हणावं, बिरॉकमध्ये पुढच्या खेपेला मीठ कमी घाल."

२ मार्च, शनिवार

पुस्तिका छापून आली. एक्क्याऐंशीखाली शेवटची ओळ: "ब्रुंगार्टच्या नावावरचा पाचवा फाऊल त्याचा नव्हता, पंचांनी ४२ दाखवले असूनही अधिकृत नोंदणीकार एल्रॉय लाइकर यांनी तो २४ च्या नावावर लिहिला व चूक कळूनही दुरुस्त केली नाही." कचेरीतल्या मुलीने फोन करून विचारलं होतं, हे नक्की ठेवायचं का. म्हटलं, ठेवायचं.

कॅफेत मी आधी जाऊन बसलो. साडेसात झाले, आठ झाले. गेलन आला नाही. दोन कॉफ्या मागवल्या होत्या, दोन्ही मीच प्यायलो. चाळीस वर्षं तो मी बोलण्याची वाट पाहत समोर बसला, आता कशाला येईल? नाही आला तर त्याचा हक्क आहे. पण वाईट फार वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

९ मार्च, शनिवार

अंतिम सामना. आपली पोरं पहिल्याच फेरीत गारद झाली होती, तरी हॉल गच्च. मला मानाचा पाहुणा म्हणून टेबलाशी बसवलं होतं. पुस्तिका दारात फुकट वाटत होते, बहुतेकांनी ती बुडाखाली घेतली होती.

सामना संपला, जिंकलेली पोरं एकमेकांवर पडली, आणि मागच्या दारातून गेलन शिडी घेऊन आला. त्रेसष्टाव्या वर्षी एकट्याने ती जड शिडी ओढत. निवेदकाने दर वर्षीचा विनोद केला: "आणि शिडी सालाबादप्रमाणे, आपल्या लाडक्या पाच्या ब्रुंगार्टकडून!" हॉल हसला. दर वर्षी हसतो. मीही हसत आलोय, हे लिहायला हवं.

गेलनने नेहमीसारखा हात वर केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

निवेदक माझ्या शेजारीच होता. मी त्याच्या हातातला माइक घेतला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, आणि लांबलचक बोललो तर गेलन माझं डोकं फोडेल हे ठाऊक होतं.

"चार," मी म्हणालो. आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "त्याचे चारच होते. पाचवा मी लिहिला. मी, एल्रॉय लाइकर. मला माहीत होतं."

हसणं मधेच थांबलं. टाळ्या पडल्या नाहीत, बरं झालं. कुणीतरी पुस्तिकेची पानं उलटत होतं. वरच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "थू तुझ्या!" त्याचंही बरोबर होतं. निवेदकाने माइक काढून घेतला आणि घाईघाईने जिंकलेल्या कप्तानाचं नाव पुकारलं.

मी मैदानात उतरलो. इतकी वर्षं टेबलाशी काढली, पण अंतिम सामन्यानंतर त्या बास्केटखाली कधी उभा राहिलो नव्हतो. गेलनने शिडी उघडली होती, कप्तान पोरगा कात्री घेऊन पहिल्या पायरीवर होता. मी जवळ गेलो. वाटलं, हा काहीतरी बोलेल. माफ केलं म्हणेल, नाहीतर शिवी तरी देईल.

गेलन वर, जाळीकडे बघत होता. डोळे भरलेले होते.

"हलतेय," तो म्हणाला. "त्या बाजूने धर."

मी धरली.